विद्यादान आणि मतदान

तंजावरहून उत्तरेला तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु वसले आहे. मराठी माणूस येथे येतो तो बहुधा संत त्यागराजांच्या समाधीसाठी. पौष वद्य पंचमीची आराधना, नदीकाठी एकत्र बसून पंचरत्न कृती गाणारे शेकडो गायक आणि ऐयारप्पर शिवाचे विस्तीर्ण देवालय, एवढे पाहून तो परततो. याच गावात अरसर कल्लूरी नावाचे एक महाविद्यालय आहे. अरसर म्हणजे राजा. हा राजा कोणता, असे विचारले तर उत्तर मिळते ते तंजावरच्या भोसल्यांचे. कारण व्यंकोजी राजांच्या वंशजांनी मागे ठेवलेल्या धर्मादाय निधीवर ही संस्था उभी राहिली. पण संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेल्या या विद्यालयात तमिळ केव्हा आली आणि ब्राह्मणेतरांची मुले तेथे केव्हा बसू लागली, याचा शोध घेतला की भोसल्यांच्या जोडीला एका कॅथॉलिक बॅरिस्टरचे नाव पुढे येते. ते नाव सर ए. टी. पन्नीरसेल्वम यांचे.

पन्नीरसेल्वम म्हटले की दिल्लीतील वाचकाला तीन वेळा तामिळनाडूचे मुख्यमंत्री झालेले ओ. पन्नीरसेल्वम आठवतात. हे पन्नीरसेल्वम त्यांच्या फार आधीचे. १ जून १८८८ रोजी, आज तिरुवारूर जिल्ह्यात मोडणाऱ्या पेरुम्पण्णैयूरच्या परिसरात, एका सधन जमीनदार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घराणे रोमन कॅथॉलिक. नाव मात्र शुद्ध तमिळ. इंग्लंडमध्ये बॅरिस्टरी करून ते तंजावरला परतले, वकिली करू लागले आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे नगरपालिकेच्या वाटेने सार्वजनिक जीवनात आले.

तो काळ मद्रास इलाख्याच्या राजकारणात पदवीला अवचित महत्त्व येण्याचा होता. १९१४ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या नोंदणीकृत पदवीधरांची संख्या ६५० होती. त्यांपैकी ४५२ ब्राह्मण, १२४ ब्राह्मणेतर हिंदू आणि उरलेले ७४ इतर समाजांचे. इलाख्याच्या लोकसंख्येत ब्राह्मणांचे प्रमाण मात्र तीन टक्क्यांच्या आसपास. डिसेंबर १९१६ मध्ये पी. त्यागराय चेट्टी यांनी प्रसिद्ध केलेल्या ब्राह्मणेतर जाहीरनाम्याचा सारा भर याच विषमतेवर होता. साउथ इंडियन लिबरल फेडरेशन ही संस्था त्यातून बळावली आणि तिच्या इंग्रजी दैनिकाच्या नावावरून लोक तिला जस्टिस पार्टी म्हणू लागले. भारतात एखाद्या पक्षाचा जन्मच पदवीधरांच्या कोष्टकातून व्हावा, अशी उदाहरणे फार नाहीत.

तंजावर जिल्ह्यात हा प्रश्न अधिक तीव्र होता. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील मिरासदार ब्राह्मणांनी इंग्रजी शिक्षणाचे मोल सर्वांत आधी ओळखले. कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयाला दक्षिणेचे केंब्रिज म्हणत असत आणि तेथून बाहेर पडलेला तरुण थेट मद्रासच्या सचिवालयात, न्यायालयात किंवा एखाद्या संस्थानाच्या दिवाणखान्यात दाखल होई. या कुंभकोणमचेच सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी गृहस्थ त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झाले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. ब्राह्मणेतर जमीनदाराला मात्र बराच काळ मुलाच्या पदवीची गरज वाटली नाही. शेत होते, कुळे होती, गावात मान होता. पण महसुलाचा अर्ज, पाटबंधाऱ्याचा तंटा, जमिनीचा दावा, प्रत्येक ठिकाणी मेजापलीकडे बसलेला माणूस एकाच समाजाचा आहे, हे जसजसे जाणवू लागले तसतसा पदवीकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. उच्च शिक्षण ही चैन न राहता सत्तेतील वाट्याची पावती ठरली. जस्टिस पक्षाला पहिला आधार मिळाला तो या बदललेल्या दृष्टीचा.

१९२० च्या पहिल्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार टाकला आणि जस्टिस पक्ष सत्तेवर आला. पनगलचे राजे मुख्यमंत्री असताना महाविद्यालयांतील प्रवेशासाठी निवड समित्या नेमण्याचे आदेश निघाले. नोकऱ्यांत निरनिराळ्या समाजांचे प्रमाण ठरवणारे जातवार सरकारी आदेश १९२१ पासून सुरू झाले. हे सारे मद्रासहून निघणारे कागद होते. त्या कागदांना गावपातळीवर अर्थ द्यायचा तर जिल्हा बोर्ड हातात हवे होते. १९२४ मध्ये पन्नीरसेल्वम तंजावर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले आणि १९३० पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातील सर्वांत भरीव काम याच सहा वर्षांतले आहे. पुढे मिळालेली मोठी पदे त्यापुढे फिकी वाटतात.

तंजावरचे जिल्हा बोर्ड ही साधी संस्था नव्हती. रस्ते, दवाखाने आणि शाळा तर तिच्याकडे होत्याच. शिवाय स्वतःच्या मालकीचा रेल्वेमार्ग असलेल्या देशातील मोजक्या जिल्हा बोर्डांपैकी ते एक होते. आणखी एक वारसा तिच्याकडे आला होता, तो मराठा राजांच्या छत्रांचा. रामेश्वरच्या यात्रामार्गावर आणि कावेरीच्या काठाने तंजावरच्या राजांनी व राजघराण्यातील स्त्रियांनी ही छत्रे बांधली. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजी राजांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ उभारले. या धर्मशाळा होत्या, अन्नछत्रे होती आणि त्यांतील मोठ्या ठिकाणी पाठशाळा व वैद्यही असत. कंपनी सरकार ही छत्रे आपल्या ताब्यात घेईल अशी शंका येताच सरफोजींनी १८०१ मध्ये तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटला सविस्तर पत्र लिहिले. येथे ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळते, आजाऱ्यांना औषध आणि अनाथ मुलांना शिक्षण मिळते, असा त्या पत्राचा आशय आहे. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्राविना वारले, राज्य खालसा झाले आणि छत्रांच्या जमिनींचा कारभार यथावकाश स्थानिक बोर्डाच्या हाती गेला. पुढच्या काळात छत्रांतील शिजवलेल्या अन्नाची पंगत मात्र मुख्यतः ब्राह्मणांची उरली. तिरुवैयारुची संस्कृत पाठशाळा याच निधीतून, बोर्डाच्या व्यवस्थेखाली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत चालू लागली होती.

अध्यक्ष झाल्यावर पन्नीरसेल्वम यांनी या पाठशाळेचा प्रश्न हाती घेतला. निधी जिल्ह्यातील भातशेतीच्या उत्पन्नातून यायचा. तो कसणारे आणि त्यावर पट्टी भरणारे बहुसंख्य तमिळभाषक ब्राह्मणेतर. आणि विद्यालयात शिकवले जाई ते केवळ संस्कृत, असा हा पेच होता. तमिळ का नको, या प्रश्नावर उत्तर तयार होते: दात्याने हे दान संस्कृतसाठीच दिले आहे, त्यात बदल करण्याचा बोर्डाला अधिकार नाही. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर भक्कम होते. धर्मादाय निधी दात्याच्या हेतूबाहेर वापरता येत नाही, हे बॅरिस्टर असलेल्या अध्यक्षांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

मग मूळ दानपत्र काढण्यात आले. द्रविड चळवळीच्या परंपरेत हा प्रसंग मोठ्या चवीने सांगितला जातो. सामान्य तमिळ माणसाला वाचता न येणाऱ्या त्या दस्ताचा अर्थ जाणकारांकडून लावून घेतला गेला आणि त्यात विद्येचा उल्लेख आहे, ती एका भाषेपुरती मर्यादित केलेली नाही, असे निघाले. पन्नीरसेल्वम यांच्या पाठीशी या वेळी करंदै तमिळ संघमचे अध्यक्ष उमामहेश्वरन पिळ्ळै होते. तेही वकील, तेही जस्टिस पक्षाचे आणि तमिळ विद्येचे कट्टर अभिमानी. कथेला चळवळीने थोडा रंग चढवला असेल, हे मान्य केले तरी निष्पत्तीबद्दल दुमत नाही. तिरुवैयारुच्या विद्यालयात तमिळचा अभ्यासक्रम सुरू झाला, ब्राह्मणेतर विद्यार्थ्यांना दार उघडले आणि संस्थेला राजाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ज्यांनी राजाच्या हेतूचा आधार घेऊन बदल रोखला होता, त्यांच्यासमोर राजाचाच हेतू मांडून बदल घडवला गेला. सरस्वती महालात आजही जपलेले मराठी मोडी कागदांचे रुमाल पाहणाऱ्याला तंजावरच्या दरबारी कागदाची ही ताकद लक्षात येईल.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. संस्कृतमधील शिरोमणी आणि तमिळमधील विद्वान या मद्रास विद्यापीठाच्या प्राच्यविद्या पदव्या होत्या. इंग्रजी महाविद्यालयाची फी न परवडणाऱ्या खेड्यातील मुलाला विद्वान ही पदवी मिळाली की हायस्कुलात तमिळ पंडिताची नोकरी मिळे. पगार फार नव्हता. पण शाळेतील तो एक वर्ग, ती एक खुर्ची आणि समोर बसलेली मुले, हे सारे त्याच्या हाती येई. तमिळ पंडितांचा हा वर्ग पुढे द्रविड राजकारणाचा विनावेतन प्रचारक ठरला. तिरुवैयारुचा निर्णय घेताना पन्नीरसेल्वम यांच्या मनात इतक्या दूरचा हिशेब असेल असे वाटत नाही. त्यांना बोर्डाच्या अंदाजपत्रकातील अन्याय दूर करायचा होता.

ओरत्तनाड आणि राजामडम येथील छत्रांत त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे सुरू केली. ब्राह्मणेतर आणि आदिद्रविड समाजाची, त्यातही अनाथ व गरीब घरची मुले तेथे राहून शिकू लागली. ज्या दगडी ओसऱ्यांवर यात्रेकरूंच्या पंगती बसत, तेथे आता शाळकरी मुले जेवायला बसू लागली. त्या काळात एका पंगतीत जेवणे ही किती मोठी राजकीय गोष्ट होती, हे तिरुनेलवेली जिल्ह्यातील चेरन्महादेवीच्या प्रकरणावरून कळते. व्ही. व्ही. एस. अय्यर यांचे राष्ट्रीय गुरुकुल तेथे काँग्रेसच्या देणगीवर चालत होते. दोन ब्राह्मण मुलांना वेगळे बसवून जेवण दिले जाते, ही गोष्ट १९२४ मध्ये चव्हाट्यावर आली आणि तामिळनाडू काँग्रेस त्यावरून दुभंगली. ई. व्ही. रामस्वामी, म्हणजे पुढचे पेरियार, नोव्हेंबर १९२५ मध्ये कांचीपुरमच्या परिषदेनंतर काँग्रेसबाहेर पडले. एका शाळेच्या स्वयंपाकघराने एका प्रांताच्या पक्षीय राजकारणाची दिशा बदलली.

नेमक्या याच वर्षांत महाराष्ट्रात काय घडत होते, हे पाहणे उद्बोधक ठरते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार वसतिगृहे उभी केली होती. १९२४ मध्ये, म्हणजे पन्नीरसेल्वम बोर्डाचे अध्यक्ष झाले त्याच वर्षी, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले आणि १९२७ मध्ये त्याच्या नामकरणाला स्वतः महात्मा गांधी आले. भाऊराव सत्यशोधक परंपरेतले. तरी त्या वसतिगृहाचे नाते राष्ट्रीय चळवळीशी जुळले. १९३० च्या दशकात केशवराव जेधे काँग्रेसमध्ये आले आणि त्यांच्यामागून बहुजन समाजही आला. मागणी तीच, वसतिगृहेही तशीच. पण सातारच्या वसतिगृहाच्या दारात काँग्रेस पाहुणी म्हणून उभी होती आणि चेरन्महादेवीच्या गुरुकुलात ती आरोपी ठरली. दोन्ही प्रांतांच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या पक्षीय इतिहासातील फरक समजून घ्यायला हे एवढे पुरेसे नाही. मात्र त्याला वगळूनही चालणार नाही.

पन्नीरसेल्वम यांच्या कामाला मर्यादा होत्या. जस्टिस पक्षाचे नेतृत्व राजे, जमीनदार आणि सावकार यांच्या हाती होते. ब्राह्मणेतर या शब्दाच्या छत्राखाली वेल्लाळ, मुदलियार, चेट्टी, रेड्डी यांचा लाभ आधी झाला आणि खालच्या थरांपर्यंत फारच थोडे झिरपले. आदिद्रविडांचे नेते एम. सी. राजा १९२३ मध्येच पक्षाबाहेर पडले होते. तंजावर जिल्ह्यात तर परिस्थिती आणखी बिकट. येथे मिरासदाराच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या भूमिहीन दलित मजुरांची संख्या प्रचंड होती. ओरत्तनाडच्या वसतिगृहात आदिद्रविड मुले आली, हे त्या काळी धाडसच. परंतु ज्या बापाला रोजचे धान मालकाकडून मोजून घ्यायचे असते तो मुलाला वसतिगृहात पाठवण्याआधी दहा वेळा विचार करतो. स्वतः जमीनदार असलेल्या बोर्डाच्या अध्यक्षांनी हा मालक-मजूर संबंध बदलण्याच्या फंदात पडल्याचे दिसत नाही. या मजुरांनी पुढे लाल बावटा जवळ केला, तो त्यामुळेच.

१९३१ मध्ये पन्नीरसेल्वम दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, भारतीय ख्रिस्ती समाजाचे प्रतिनिधी म्हणून. त्याच समाजाचे दुसरे प्रतिनिधी एस. के. दत्ता यांचा कल राष्ट्रीय सभेकडे होता आणि स्वतंत्र मतदारसंघांना त्यांचा विरोध होता. पन्नीरसेल्वम यांनी वेगळी वाट धरली. नोव्हेंबर १९३१ मध्ये जो अल्पसंख्याकांचा करार पुढे आला, त्यावर आगाखान, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सर हेन्री गिडनी आणि सर ह्यूबर्ट कार यांच्याबरोबर त्यांची सही आहे. पुढच्या वर्षीचा पुणे करार मराठी वाचकाला पाठ असतो; त्याआधीच्या या कागदावर बाबासाहेबांच्या सहीजवळ एका तंजावरकराची सही आहे, हे फारसे सांगितले जात नाही.

लंडनच्या या वारीपूर्वीच जिल्ह्यातील वारे फिरले होते. एप्रिल १९३० मध्ये राजगोपालाचारी तिरुचिरापल्लीहून मिठाच्या सत्याग्रहासाठी पायी निघाले ते तंजावर जिल्ह्यातील वेदारण्यमला. सत्याग्रहींना कुणी अन्न वा आसरा देऊ नये, असा हुकूम जिल्हाधिकारी थॉर्न यांनी काढला होता आणि गावोगावच्या लोकांनी तो युक्तीने मोडला. झाडांच्या फांद्यांना अन्नाच्या पुरचुंड्या बांधून ठेवल्याच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. ज्या जिल्ह्यात छत्रांच्या पंगतीवरून राजकारण झाले, तेथे आता सरकारने बंदी घातलेले अन्न देणे हे राजकारण झाले. पन्नीरसेल्वम या घडामोडीत सरकारच्या बाजूचे मानले गेले. रावबहादुर ही पदवी होती, पुढे सर ही आली, गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा मिळाली. पक्षातले दुफळीचे राजकारण, जागतिक मंदीत कोसळलेले भाताचे भाव आणि शेतसाऱ्याबद्दलचा असंतोष यांची त्यात भर पडली.

१९३७ च्या निवडणुकीत १९३५ च्या कायद्याने मतदारांची संख्या कितीतरी वाढली होती. मद्रास विधानसभेच्या २१५ जागांपैकी काँग्रेसने १५९ जिंकल्या. सतरा वर्षांतील बहुतेक काळ सत्तेवर असलेल्या जस्टिस पक्षाच्या हाती अगदी थोड्या आल्या. खुद्द मुख्यमंत्री बोब्बिलीचे राजे आपल्याच संस्थानच्या जागेवर व्ही. व्ही. गिरी यांच्याकडून पराभूत झाले. काँग्रेसने मंत्रिपदे स्वीकारण्यास काही महिने लावले तेव्हा के. व्ही. रेड्डी नायडू यांचे अल्पकालीन मंत्रिमंडळ आले आणि त्यात गृह व अर्थ ही खाती पन्नीरसेल्वम यांच्याकडे होती. साडेतीन महिन्यांची ती मंत्रिपदे. १४ जुलै १९३७ रोजी राजगोपालाचारी मुख्यमंत्री झाले आणि पन्नीरसेल्वम विरोधी बाकावर गेले.

ज्यांच्या मुलांसाठी महाविद्यालयांची दारे उघडली त्या समाजाने दार उघडणाऱ्या पक्षाला का नाकारले, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. कृतघ्नता हे जस्टिस नेत्यांचे आवडते उत्तर होते आणि ते चुकीचे होते. शिक्षणाने पहिल्या पिढीला नोकरी मिळते, तोपर्यंत ती उपकार मानते. नोकरी मिळाल्यावर, वर्तमानपत्र वाचायला लागल्यावर आणि सभेला जाऊ लागल्यावर तीच पिढी विचारू लागते की हा पक्ष इंग्रजांच्या पदव्या का मिरवतो, त्याचे मंत्री इतका पगार का घेतात, आमच्या शेतसाऱ्याचे काय? जस्टिस पक्षाने शिकवलेला तरुण जस्टिस पक्षाच्या दिवाणखान्यात मावेनासा झाला. शिवाय १९३७ मध्ये प्रथमच मत देणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात अजून कॉलेजात गेलेला कुणी नव्हता. त्याच्या लेखी जातवार आदेश हा दुसऱ्याच्या घरचा आनंद होता. खादीची टोपी आणि गांधींचे नाव त्याच्या गावापर्यंत पोहोचले होते.

गंमत अशी की, जस्टिस पक्षाला पुन्हा जमीन मिळवून दिली ती काँग्रेसच्याच एका शैक्षणिक निर्णयाने. एप्रिल १९३८ मध्ये राजगोपालाचारी सरकारने १२५ माध्यमिक शाळांत हिंदी सक्तीची केली. सक्ती फक्त खालच्या तीन इयत्तांना होती. परंतु ज्या समाजाला नुकतेच शिक्षणाचे दार किलकिले झाले होते, त्याने याकडे नवीन अडसर म्हणून पाहिले. तमिळ आणि इंग्रजीवर पदवीपर्यंत पोहोचता येते, आता मध्ये आणखी एक भाषा आली, असा त्याचा अर्थ लावला गेला. पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीने रस्ता धरला, तिरुचिरापल्लीहून मद्रासला पदयात्रा निघाली, बाराशेच्या आसपास लोकांना अटक झाली आणि नटराजन व तालमुत्तू हे दोन कार्यकर्ते १९३९ मध्ये कैदेत असताना मरण पावले. सभागृहात पक्षाची बाजू लढवण्याचे काम पन्नीरसेल्वम यांच्यावर होते. बंगल्यातले आणि रस्त्यावरचे राजकारण प्रथमच एका विषयावर एकत्र आले.

डिसेंबर १९३८ मध्ये मद्रासला जस्टिस पक्षाची परिषद भरली तेव्हा अध्यक्ष म्हणून निवड झालेले पेरियार तुरुंगात होते. त्यांचे अध्यक्षीय भाषण वाचून दाखवले ते पन्नीरसेल्वम यांनी. एकीकडे देव नाकारणारा, पदव्या आणि धन यांची टिंगल करणारा इरोडचा व्यापारी; दुसरीकडे श्रद्धावान कॅथॉलिक, सर ही पदवी लावणारा बॅरिस्टर. स्वभावाने ही जोडी विजोड होती. पण पक्ष जगवायचा असेल तर तो आता जमीनदारांच्या हाती ठेवून चालणार नाही, हे पन्नीरसेल्वम यांनी आपल्या वर्गातील इतरांच्या आधी ओळखले आणि नेतृत्व त्या माणसाच्या हाती जाऊ दिले. त्यांच्या राजकीय शहाणपणाचा हा सर्वांत मोठा पुरावा मानला पाहिजे.

ऑक्टोबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. २१ फेब्रुवारी १९४० रोजी गव्हर्नरने हिंदीची सक्ती मागे घेतली. त्याच सुमारास पन्नीरसेल्वम यांची भारतमंत्र्यांचे सल्लागार म्हणून नेमणूक झाली होती आणि ते लंडनला निघाले होते. १ मार्च १९४० रोजी इंपीरियल एअरवेजचे हॅनिबल हे चार इंजिनांचे विमान ओमानच्या आखातावरून जात असताना आठ जणांसह नाहीसे झाले. अवशेष कधीच सापडले नाहीत. पन्नीरसेल्वम त्या विमानात होते. वय बावन्नच्या आत. हिंदीविरोधी लढ्याच्या यशानंतर अवघ्या नवव्या दिवशी पक्षाने सभागृहातला आपला सर्वांत जाणता माणूस गमावला. पेरियारांनी त्यांच्या निधनावर ज्या आर्ततेने लिहिले, तशी आर्तता त्यांच्या लेखणीत विरळा.

पुढचा इतिहास बराच परिचित आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये सेलमच्या परिषदेत पक्षाचे द्रविड कळघम असे नामांतर झाले. सी. एन. अण्णादुरै यांच्या ठरावाने सदस्यांना सर, रावबहादुर अशा सरकारी पदव्या सोडायला सांगितले. ज्यांना ते जमले नाही ते बाजूला झाले. पन्नीरसेल्वम हयात असते तर त्यांनी पदवी टाकली असती की पक्ष, हा प्रश्न तामिळनाडूच्या अभ्यासकांत अधूनमधून निघतो. त्यांचा मागील प्रवास पाहता पदवी टाकली असती, असे मानायला जागा आहे.

१९५१ मध्ये मद्रासच्या वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांतील जातवार वाटप सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराइराजन खटल्यात घटनाबाह्य ठरवले. चौदा जागांपैकी सहा ब्राह्मणेतर हिंदूंना, दोन मागासांना, दोन ब्राह्मणांना, दोन हरिजनांना, एक मुसलमानांना आणि एक अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती यांना, अशी ती वाटणी होती. मद्रासेत उसळलेल्या असंतोषाची दखल दिल्लीला घ्यावी लागली आणि हंगामी संसदेने केलेल्या पहिल्या घटनादुरुस्तीत कलम १५ ला चौथे उपकलम जोडले गेले. दोन वर्षांनी राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेचे तास अर्धे करून उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली. तिच्यावरून त्यांना १९५४ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले आणि कामराज आले. पेरियारांनी या वेळी काँग्रेसच्या कामराजांना पाठिंबा दिला, कारण ते शाळा काढत होते. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनात महाविद्यालयांतील विद्यार्थी अग्रभागी होते आणि १९६७ च्या निवडणुकीत याच कामराजांना विरुदुनगरमध्ये पराभूत करणारा उमेदवार त्या आंदोलनातला विद्यार्थी नेता होता. शाळा काढणाऱ्याला शिकलेल्यांनी हरवण्याची ही दुसरी वेळ.

तंजावर जिल्ह्यापुरते बोलायचे तर त्या पिढीचा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी तिरुवारूरच्या हायस्कुलातला. प्रवेश नाकारला तर कमलालयम तळ्यात उडी घेईन, अशी धमकी देऊन मुत्तुवेल करुणानिधी तेथे दाखल झाले आणि १९३८ मध्ये चौदाव्या वर्षी हिंदीविरोधी फेरीत उतरले. शालान्त परीक्षा त्यांना कधी पार करता आली नाही. पाच वेळा मुख्यमंत्री झालेल्या या गृहस्थांनी पदवीविना पदवीधरांचे राज्य चालवले. त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात, त्यांच्या पक्षाचे सरकार असतानाच, २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेन्मणी येथे चव्वेचाळीस दलितांना जाळून मारण्यात आले. मजुरीत थोडी वाढ मागणाऱ्या कुटुंबांतली ती बहुतेक स्त्रिया-मुले होती.

मार्च २०२५ मध्ये लोकसभेत त्रिभाषा सूत्रावरून शिक्षणमंत्री आणि द्रमुकचे खासदार यांची जुंपली, तेव्हा दिल्लीत अनेकांना या भांडणाचा आवेश अनाकलनीय वाटला. प्रश्नोत्तराच्या तासात वापरलेला एक शब्द मंत्र्यांना मागे घ्यावा लागला. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेविरुद्ध तामिळनाडूच्या विधानसभेने पुन्हा पुन्हा विधेयक केले, त्यामागेही हीच जुनी आठवण आहे. प्रवेशाच्या दारावर नवीन अट लागली की तेथील मतदार ती कोणाला बाहेर ठेवण्यासाठी आहे, असे आधी विचारतो. गुणवत्तेची चर्चा त्यानंतर.

पन्नीरसेल्वम यांचे नाव आज तिरुचिरापल्लीतील स्मारकावर आहे, इरोडच्या एका गजबजलेल्या चौकातल्या बागेला आहे. तिरुवैयारुच्या महाविद्यालयाला ते नाही. तेथे राजाचेच नाव चालू आहे आणि संस्कृत व तमिळ या दोन्ही भाषा त्या एकाच संस्थेच्या नावात शेजारी शेजारी आहेत.